नेमाडे मोठ्याने वाचताना : सांगवी, 'कोसला' आणि आमच्या घरातली एक गोष्ट

तापीकाठची

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, असं महिनाभर चाललं होतं. आज काढतेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची, दोन्ही डोळ्यांची नजर गेली. काचबिंदू. जिथे दोन वर्षं दाखवत होतो तिथे नुसते चष्म्याचे नंबर बदलून मिळाले, वेळेवर कोणी सांगितलं नाही. त्यावर आता बोलून उपयोग नाही. नाना आयुष्यभर केळीत राबले. यावल तालुक्यातलं आमचं गाव, ओसरीवर बसलं की समोर सातपुडा. शाळा सातवीपर्यंतच, पण रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायचे. नजर गेल्यावर सकाळी पेपर हातात घेऊन नुसते बसायचे, घडी उलगडायची, पुन्हा घालायची. ते बघवेना म्हणून मी दर शनिवारी जळगावहून गावी जाऊन वाचून दाखवायला लागले. आधी पेपर आणि केळीचे भाव, मग हरिपाठ. मग एका रविवारी नाना म्हणाले, "त्या सांगवीच्या नेमाड्यांचं काही आहे का तुह्याजवळ? एवढं मोठं बक्षीस भेटलं होतं त्याईले."

होतं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात त्यांची 'कोसला' ही कादंबरी होती आम्हाला. सरांनी टिपणं दिली होती : अस्तित्ववाद, प्रतिनायक, परात्मता. मी ती पाठ केली, मार्क मिळवले आणि पुस्तक कपाटात गेलं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याची सांगवी माझ्या माहेरापासून कितीशी लांब आहे, हे तेव्हा मनात आलंसुद्धा नाही, आणि वर्गातही कोणी आणून दिलं नाही.

या वेळी मोठ्याने वाचायला घेतली. दोन पानं झाली असतील, नानांनी हात वर केला. "कोन बोलून राह्यलं हे?" मी म्हटलं, पांडुरंग. नाना म्हणाले, "नाही, हा आपल्याच गावचा दिसतो. शहरात राहून आलेला."

ज्याच्यावर साठ वर्षं समीक्षा लिहिली जाते आहे ते नानांनी दोन पानांत ओळखलं, असं मला त्या क्षणी वाटलं. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द कागदावर वाचताना शैली वाटतात. मोठ्याने वाचले की कळतं, ते पालुपद आहे. भजनात टाळ जिथे पडतो तिथेच ते पडतात. मेसचा सेक्रेटरी झालेल्या पांडुरंगाचे हिशेब चुकत जातात, कर्ज चढत जातं, तिथे नाना इतके हसले की ठसका लागला. सोसायटीच्या पंच कमिटीवर त्यांनी तीन वर्षं काढलीत, त्यांना ते सगळं ओळखीचं होतं.

मग मनी आली. ज्यांनी 'कोसला' वाचली आहे त्यांना सांगायला नको. पांडुरंगाची धाकटी बहीण. देवीच्या रोगाने दगावते. ती पानं मी वाचत होते आणि माझाच आवाज लागेना, म्हणून थांबले. नाना म्हणाले, "वाच ना. थांबली काहून?" वाचलं. संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. नाना बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, "माही बहीन बी देवीनंच गेली. मी नऊ वर्साचा, ते पाच वर्साची. कडूनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तिले. मले आत जाऊ देत नव्हते. मी खिडकीतून पाहे."

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. नानांना अशी एक बहीण होती हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिचं नाव नाना मग म्हणाले. ते मी इथे लिहीत नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच. भालचंद्र नेमाड्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांच्या देशीवादाबद्दल, म्हणजे साहित्य आपल्या मातीतून आणि परंपरेतून यावं या विचाराबद्दल, बोलतो, ते कोणाला काय म्हणाले त्याबद्दल बोलतो, ज्ञानपीठाबद्दल बोलतो. या सगळ्यात त्यांचा कान राहून जातो. हा माणूस कवी आहे. 'मेलडी' १९७० ला आली, 'देखणी' १९९१ ला. कादंबऱ्यांच्या ढिगात ही दोन पुस्तकं झाकली जातात. पण 'कोसला'चं गद्य ज्याने लिहिलं त्याला बोलणं कुठे तुटतं आणि श्वास कुठे घेतला जातो हे कवीसारखं कळत होतं. १९६३ साली, पंचविसाव्या वर्षी, गावी बसून महिनाभरही न घेता त्यांनी ती लिहून काढली. मला वाटतं ती इतक्या झरझर लिहून झाली, कारण ती आधीपासून कानात होती.

तुमच्यापैकी कोणी नेमाडे असे मोठ्याने वाचलेत का? आणि नानांना पुढे काय वाचून दाखवू?

रावेरचा_गडी

ताई, वाचून अंगावर काटा आला. नानांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे केळीची कटाई चालू होती, दुपारी बांधावर बसून मोबाईलवर तुमचं वाचलं आणि शेजारच्या दोघांना वाचून दाखवलं. एक जण घड उचलणारा, शाळेत फार गेलेला नाही. तो म्हणाला, "माह्या मायची बी एक बहीन अशीच गेली." आपल्या पट्ट्यात कुठल्याही ओसरीवर जा, आधीच्या पिढीत असं एखादं मूल निघतंच. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ ला जाहीर झालं, म्हणजे कादंबरी आली तेव्हा हा रोग गावात चालतबोलत होता. आजचा वाचक मनीची गोष्ट जुन्या काळची म्हणून वाचतो. तेव्हाच्या वाचकाला ती शेजारच्या घरातली होती.

पांझरा

धुळ्याहून. धागा फार आवडला, पण एक गोष्ट नोंदवतो, ताई रागावणार नाहीत अशी आशा आहे. नेमाड्यांची बोली तुमच्या रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यातली, लेवा गणबोली. आमची अहिराणी वेगळी. तुम्ही "काय करून राह्यला" म्हणता, आम्ही "काय करी ऱ्हायना" म्हणतो. माझ्या आईला 'कोसला' वाचून दाखवली तर ती "आपल्या गावचा" म्हणणार नाही, "तथला, पूर्वेकडला" म्हणेल. खानदेश म्हटलं की सगळं एक होतं, ते मनाला लागतं.

बाकी धुळ्याशीही त्यांचा संबंध आहे. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. पुढे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये मराठी शिकवायला गेले, मग गोवा विद्यापीठ, आणि शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर. 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या त्यांच्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील या गावातून त्या गावात बिऱ्हाड हलवतो, त्यामागे ही सगळी वणवण आहे. लहान गावातल्या कॉलेजातलं राजकारण, संस्थाचालक, जातीचे गट, भाड्याच्या खोल्या. माझे वडील अशाच एका कॉलेजात शिपाई होते. 'हूल' वाचताना मला स्टाफरूमच्या दाराबाहेर उभं राहून आतलं ऐकल्यासारखं वाटलं होतं.

तापीकाठची

पांझरा दादा, रागावू कशाला, बरोबरच आहे तुमचं. माझी एक चुलत जाऊ साक्रीची आहे, ती आणि सासूबाई लग्नानंतर वर्षभर एकमेकींचं अर्धंच बोलणं समजायच्या. मी "आपल्या पट्ट्यात" म्हणायला हवं होतं.

जुनी_वही

मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. ताईंनी टिपणं देणाऱ्या सरांबद्दल लिहिलं ते मलाही लागू आहे. बत्तीस वर्षांत मीही 'प्रतिनायक' हा शब्द किती वेळा फळ्यावर लिहिला असेल त्याची गणती नाही, आणि एकदाही वर्गात एक पान सलग मोठ्याने वाचलं नाही. याची खंत आज वाटली.

तरीही विचार आणि कान असे दोन खण करू नका, एवढं सुचवतो. नेमाड्यांचा जन्म २७ मे १९३८ चा, सांगवीचा. पुण्यात फर्ग्युसनला बी.ए., डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मग मुंबईला इंग्रजीत एम.ए. भाषाशास्त्र शिकलेला हा माणूस बोली ऐकतो तेव्हा नुसता हळवा होऊन ऐकत नाही. तिची घडण ओळखून ऐकतो. पुढे 'साहित्याची भाषा' हे पुस्तक लिहिलं ते याच अभ्यासातून.

आणि साठच्या दशकातली ती सगळी चळवळ आठवा. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, नेमाडे. मोठी मासिकं नव्या लिखाणाला दार उघडत नव्हती, म्हणून या मंडळींनी स्वतःची अनियतकालिकं काढली. नेमाड्यांचं 'वाचा' त्यातलंच. पदरचे पैसे, थोड्या प्रती, वाटप हातोहात. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा त्यांचा लेख तिथलाच. नाव कमावलं की लेखक सभा-समारंभांतला मानकरी होतो आणि लिहिणं आटतं, हे त्यात इतकं धारदार मांडलंय की आजही नव्या लेखकाने टेबलावर ठेवावं. १९९० ला 'टीकास्वयंवर' हे समीक्षेचं पुस्तक आलं आणि त्यालाच साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे अकादमीने त्यांना गौरवलं ते समीक्षेसाठी. हे लक्षात घेतलं की आम्ही प्राध्यापक मंडळी तिकडेच का वळलो ते कळतं.

पण 'टीकास्वयंवर'सुद्धा एकदा मोठ्याने वाचून बघा. त्या रागालाही लय आहे.

अमळनेरी_लेक

मी थोडं वेगळं बोलणार आहे.

ताईंची गोष्ट मनाला भिडली, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण या धाग्यावर सगळेच हात जोडून उभे आहेत असं वाटलं म्हणून लिहिते. मी कथा लिहिते. लघुकथा हा प्रकारच कमअस्सल, कादंबरी तेवढी खरी, हे नेमाड्यांचं मत मी विशीत वाचलं आणि दोन वर्षं माझ्या हातून काही लिहून झालं नाही. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटलंय म्हणजे खरंच असेल, असं वाटायचं. आमच्या घरी शिवण्याच्या मशीनवर बसून रात्री दीड-दोन तास मिळायचे. त्या वेळात कादंबरी होत नाही हो. कथा होते. बायकांच्या हाती जेवढा वेळ असतो तेवढ्याच लांबीचं त्या लिहितात, याचा विचार त्या मतात कुठे आहे?

दुसरं. चांगदेवच्या चार कादंबऱ्यांत मी बाई शोधत गेले, आणि मला चांगदेवच्या नजरेतून दिसणारीच बाई भेटत राहिली. 'कोसला'त मनी आहे, पण ती मेल्यावर मोठी होते.

तिसरं साहित्य संमेलनाचं. नेमाड्यांनी संमेलनांवर आयुष्यभर टीका केली. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७ वं संमेलन झालं, त्याच वेळी गावात विद्रोही संमेलनही झालं. दोन्हीकडे मी गेले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्या राहून अख्खं प्रकरण वाचून काढत होत्या, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. सानेगुरुजींच्या गावात ते बघताना माझे डोळे भरून आले. तो मांडव निरुपयोगी होता असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

जुनी_वही

अमळनेरी_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कथेबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांचा रोख मासिकांच्या मागणीवरून पाडल्या जाणाऱ्या कथांवर होता, जीवनाचा मोठा पट घेण्याची धमक लेखकाने दाखवावी असं त्यांना म्हणायचं होतं. पण वार करताना त्यांनी पातं फार रुंद फिरवलं, आणि ते तुमच्यासारखीला लागलं. दीड-दोन तासांच्या वेळेचं तुम्ही जे लिहिलंत ते मी कुठल्याही समीक्षेत वाचलेलं नाही. लिहीत राहा, एवढंच या वयात सांगू शकतो.

तापीकाठची

ताई, मनी मेल्यावर मोठी होते हे तुमचं वाक्य माझ्या मनातून जाईना. खरं आहे. आमच्या आत्याचंही तेच झालं. जिवंतपणी पाच वर्षांची, आणि आता सत्तर वर्षांनी घरभर.

लघुकथेबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. पण तुमची एखादी कथा इथे टाका. नानांना वाचून दाखवीन. नाना तोंडावर खरं सांगतात.

कपाशी

मी चोपडा तालुक्यातला. साहित्यातलं मला फार कळत नाही, पण 'जरीला' या नावाबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो.

जरीला हा आपल्याकडचा जुना देशी कपाशीचा वाण. आमचे आजोबा जरीला पेरायचे, त्याच्या मागून विरनार आला, मग संकरित आले, आता सगळीकडे बीटी. आजोबा सांगायचे, देशी कपाशीचं मूळ सरळ खाली जातं, पाऊस ताणला तरी तग धरते. धागा आखूड, भाव कमी, पण ती दगा देत नाही.

कोणीतरी मला सांगितलं की या नावाची कादंबरी आहे, म्हणून मी ती आयुष्यात पहिल्यांदा विकत घेऊन वाचली. आत कपाशीचं शेत शोधत होतो, सापडला मास्तर. आधी हिरमुसलो. मग वाटलं, बरोबर आहे. हा चांगदेव जरीलाच आहे. परक्या गावात, हलक्या जमिनीत, पाऊस नाही, आणि तरी उभा. लेखकाच्या मनात काय होतं ते लेखक जाणे, मी शेतकरी म्हणून असं वाचलं.

बाकी नावंही बघा. बिढार म्हणजे पाठीवरचा संसार. हूल म्हणजे हुलकावणी. झूल पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात, एक दिवस मिरवतात, दुसऱ्या दिवशी काढून ठेवतात आणि बैल पुन्हा औताला. मास्तरकीची झूल म्हणायची असेल त्यांना. चार पुस्तकांची चार नावं आणि एकही नाव आमच्या घरातल्या म्हातारीला समजावून सांगावं लागत नाही.

रावेरचा_गडी

कपाशी भाऊ, एक नंबर. झुलीचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

संगमावरचा

मुक्ताईनगरकडचा आहे. नावांचा विषय निघालाच आहे तर नायकांच्या नावांबद्दल लिहितो.

पांडुरंग. चांगदेव. खंडेराव. 'कोसला', चतुष्टय आणि 'हिंदू', तिन्हीकडचे नायक. एक पंढरीचा, एक जेजुरीचा, आणि मधला आमचा. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे चांगदेवाचं देऊळ आहे, गावाचं नावही चांगदेव. महाशिवरात्रीला यात्रा भरते. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय घालावा ते न सुचून त्याने कोरा कागद पाठवला, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. मुक्ताई तो कागद बघून म्हणाली, एवढी वर्षं जगून कोराच राहिला. तिचंही देऊळ जवळच, कोथळीला.

आता त्या चांगदेव पाटलाकडे बघा. एवढी कॉलेजं, एवढी गावं, एवढे मित्र, एवढं वाचन, आणि हातात शेवटी काय? कोरा कागद. आमच्या भागात वाढलेला लेखक हे नाव सहज ठेवेल, यावर माझा विश्वास बसत नाही. मी लहानपणापासून त्या संगमावर पोहायला जातो. 'बिढार' वाचल्यापासून देवळाच्या पायऱ्यांवर बसलं की दोन्ही चांगदेव आठवतात.

मेहरूणची_बोरं

मी एकवीस वर्षांची आहे, विज्ञान शाखेची, जळगावला हॉस्टेलला राहते. नेमाडे काहीच वाचलेले नाहीत. 'हिंदू'पासून सुरुवात करू का? लायब्ररीत तीच आहे.

पांझरा

बाळा, 'हिंदू' नंतर. २०१० ला आलेलं सहाशे पानांचं पुस्तक आहे. खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननातून मरणाच्या दारातल्या बापाकडे गावी मोरगावला परत निघतो, आणि वाटेत सगळा देश, सगळा काळ, सगळ्या जातीजमाती गोळा होतात. 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे त्याचं उपशीर्षक सार्थ आहे. घरातल्या माळ्यावर चढल्यासारखं होतं, काय काय सापडेल सांगता येत नाही. हे पहिलं पुस्तक असलं तर दमशील. 'कोसला' घे. आणि हॉस्टेलला राहतेस तर आत्ताच घे. मेसचं जेवण बेचव लागतंय तोवरच ती वाचण्यात मजा आहे.

जुनी_वही

अनुमोदन. आणि अर्पणपत्रिका चुकवू नकोस. 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अशी आहे. हुशार, यशस्वी, पहिल्या येणाऱ्या एकासाठी हे पुस्तक नाही. उरलेल्या सगळ्यांसाठी आहे. दरवर्षी माझ्या वर्गात एखादा तरी मागच्या बाकावरचा मुलगा ही ओळ वाचून मान वर करायचा.

भादलीची_गाडी

मला कवितेबद्दल लिहायचंय. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये ताईंनी ती बाजू काढली आणि मग आपण सगळे कादंबऱ्यांत रमलो.

आपल्या जिल्ह्याला कवितेची मोठी परंपरा आहे. धरणगावचे बालकवी. १९०७ ला जळगावात कविसंमेलन झालं, तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना 'बालकवी' हे नाव मिळालं, आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनात रेल्वेखाली ते गेले. असोद्याच्या बहिणाबाई. त्यांनी स्वतः अक्षर लिहिलं नाही. जात्यावर, शेतात ओव्या म्हटल्या, मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने उतरवून ठेवल्या. त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला आणि गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ ला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण स्वतःचं छापील पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नाही.

हे सांगायचं कारण, बहिणाबाईंचं पुस्तक आलं तेव्हा नेमाडे चौदा वर्षांचे होते. आपल्या घरात बोलतो ती बोली पुस्तकात छापून येते, लोक तिला कविता म्हणतात, हे त्या वयाच्या खेड्यातल्या मुलाने बघणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्यांच्यावर परिणाम झाला असं मी ठासून म्हणत नाही. पण माझ्या आजीकडे ती पहिली प्रत होती आणि आजी सांगायची, "आपलं बोलनं छापलं" म्हणून सगळ्या गल्लीने ते पुस्तक हाताळलं होतं.

आता दोन संग्रहांची नावं शेजारीशेजारी ठेवून बघा. १९७० चं 'मेलडी', १९९१ चं 'देखणी'. पहिलं नाव इंग्रजी, लंडनला जाण्याच्या उंबरठ्यावरच्या तरुण प्राध्यापकाचं. दुसरं नाव आपल्या अंगणातलं. या एकवीस वर्षांत त्यांनी परदेश पाहिला, तुकारामावर साहित्य अकादमीसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, देशीवाद मांडला. जगभर फिरून माणूस घरचा शब्द उचलतो तो असा. त्यांच्या विचारांचा सगळा प्रवास मला या दोन मुखपृष्ठांवर दिसतो.

नानांना कविता वाचून दाखवायच्या असतील तर एका बैठकीला एकच वाचा. कादंबरीसारखी ओढ लागत नाही. वाचा, थांबा, नानांना बोलू द्या.

अमळनेरी_लेक

भादलीची_गाडी, आजीच्या प्रतीचं वाचून फार बरं वाटलं. मीही परत 'देखणी' काढते. माझी तक्रार कायम आहे, पण कवितेतल्या नेमाड्यांशी माझं भांडण नाही.

कथा टाकली आहे, वेगळ्या धाग्यावर. ताई, नानांना सांगा, खरं बोलायचं.

तापीकाठची

बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणते आहे. मधल्या काळात बरंच वाचून झालं, म्हणून सांगते.

'कोसला' पुरी झाली. पांडुरंग सगळं सोडून गावी परत येतो, तिथे नाना म्हणाले, "बाप काही बोलला नसंल. आत मात्र तुटला असंल." मग 'बिढार' घेतली. तिथे मुंबईची लेखक-प्रकाशक मंडळी आली की नाना कंटाळायचे, "हे पुढं जाऊ दे" म्हणायचे. चांगदेव मास्तर होऊन लहान गावात गेला की पुन्हा सावरून बसायचे. कपाशी भाऊ, झुलीचं तुमचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "त्याले म्हना, येकदा भरीत खायले ये." निरोप पोचवते आहे. काटेरी वांगी दारची आहेत.

अमळनेरी_लेक, तुमची कथा वाचली. ती मशीनवर बसलेली बाई दोरा संपल्यावर उठत नाही, अंधारात तशीच बसून राहते, तिथे नानांनी "थांब" म्हटलं. मग म्हणाले, "हे त्या मोठ्या पुस्तकाएवढंच झालं." खरं बोलायचं सांगितलं होतंत, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

कविता एका बैठकीला एकच वाचतो. काही नानांना पटतात, काहींवर नुसतं "हं" येतं. दोनदा त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली आणि तिसऱ्या वेळी शेवटची ओळ त्यांनीच म्हटली.

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. मी माहेरी गेले होते. आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, ते इथल्या खानदेशच्या मंडळींना सांगायला नको. आजोबांची आणि पणजोबांची घागर दरवर्षीची. या वर्षी सकाळीच नानांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, कुंभाराकडून एक लहान घागर आण, अगदी लहान. पाच वर्षांच्या पोरीची घागर भरत नाहीत, असं आई म्हणू लागली होती, पण मग गप्प राहिली आणि स्वतः जाऊन घेऊन आली. पाणी मी भरलं. सांजोरी ठेवली, आंबा ठेवला. वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, होतं ते त्या घागरीला फार मोठं झालं, म्हणून भावाचा मुलगा मळ्यात पळत गेला आणि मुठीएवढं एक कच्चं तोडून घेऊन आला. नानांनी हाताने चाचपडत घागरीचं तोंड शोधलं आणि ते डांगर त्यांनीच वर बसवलं. घागर डुगडुगली तशी दोन्ही हातांनी धरून ठेवली, बराच वेळ. मग तिचं नाव घेतलं.

दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, मनीची पानं पुन्हा वाच.

वाचली.